देवाला ‘का?’ विचारू नये?

आमच्या आळीत दर गुरुवारी दुपारी भजनी मंडळ भरतं. आम्ही पंधरा-वीस जणी जमतो. हरिपाठ होतो, दोन-चार अभंग होतात, आरती होते आणि मग प्रसाद, चहा. खरं सांगायचं तर चहाच्या वेळच्या गप्पांसाठीही पुष्कळ जणी येतात, आणि त्यात गैर काही नाही. संसारातून मिळणारा तेवढाच तासाभराचा विसावा.

मागच्या महिन्यात अशाच गप्पा चालल्या होत्या. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली एक सून पेला हातात धरून नुसतीच बसली होती. तिला तिसरा महिना असताना गर्भ गेला, त्याला दोनच महिने झाले होते. कुणीतरी तिची समजूत घालायला म्हणून म्हणालं, “देवाच्या मनात असेल तसं होतं गं.”

त्यावर ती एकदम म्हणाली, “पण देवाच्या मनात असं का यावं?”

खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तिघी-चौघी एकदमच बोलू लागल्या. “असं विचारू नये गं!” “आपल्या हातात काय असतं?” “तो ठेवील तसं राहायचं.” ती बिचारी ओशाळली, ‘चुकलंच माझं’ असं काहीसं पुटपुटली आणि पेला खाली ठेवून उठली. विषय बदलला आणि कुरडयांच्या चिकावर गेला.

मी घरी आले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. त्या बायका दुष्ट नव्हेत. मायेनंच बोलल्या होत्या. मीसुद्धा अशीच वाक्यं अनेकींना ऐकवली आहेत. पण हीच वाक्यं एके काळी मला ऐकावी लागली होती, आणि त्यांनी माझं समाधान झालं नव्हतं. शिवाय मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. आठवीच्या मुलांना मी सारखी बजावते, “शंका आली की विचारा. लाजू नका.” मग वर्गात एक सांगायचं आणि भजनी मंडळात दुसरंच, हे कसं? आयुष्य जसं समोर येईल तसं स्वीकारावं, की त्याला प्रश्न विचारावेत? यातलं देवाजवळ नेणारं कोणतं?

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर माझ्याकडे नाही. जे उत्तर मला सापडलं ते माझ्या घरातच सापडलं, म्हणून थोडं घरातलंच सांगते.

“पाय सुजतातच गं!”

२०१५ साल. मला सातवा महिना चालू होता. गौरी-गणपती जवळ आले होते. आमच्या वाईच्या घरी गौरींना दरवर्षी वीस-पंचवीस पान असतं. त्या आठवड्यात माझी तपासणीची तारीख होती. ती मी पुढं ढकलली. सण आटोपल्यावर पाहुणे राहिले, म्हणून आणखी आठ दिवस ढकलली. पाय सुजले होते. सगळ्या म्हणाल्या, “या दिवसांत पाय सुजतातच.” डोकं ठणकत होतं. पित्त असेल म्हणून मी मोरावळा खाल्ला. बांगड्या हातात रुतू लागल्या, डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले, तरी मला वाटलं, धावपळ झाली, दुसरं काय!

दवाखान्यात गेले तेव्हा रक्तदाब फार चढलेला होता आणि बाळाचे ठोके थांबलेले होते.

पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे त्यांना ते सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून कळत नाही.

मग समाचाराला माणसं येऊ लागली. “झालं ते बऱ्यासाठीच.” “प्राक्तनात नव्हतं.” “देवानं दिलं, देवानं नेलं.” “तू अजून तरुण आहेस.” मी मान डोलवत होते. वरून सगळ्यांना वाटलं, हिनं फार समंजसपणानं घेतलं. सासूबाईंनाही तसंच वाटलं. पण रात्री दिवा मालवला की आढ्याकडे बघत मी एकच प्रश्न विचारत होते, ‘मीच का?’ दिवसा मात्र तो प्रश्न मनात आला तरी अपराध्यासारखं वाटे. देवापुढं निरांजन लावताना मी त्याच्याकडे बघतच नव्हते. स्वीकार म्हणतात तो हाच असेल, तर तो रागाच्या डब्यावर लावलेल्या झाकणापेक्षा निराळा नव्हता.

दीड महिन्यानं फेरतपासणीला गेले तेव्हा धीर करून डॉक्टरबाईंना विचारलं, “हे कशामुळं झालं?” त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं आणि वीस मिनिटं समजावून सांगितलं. गर्भारपणात विसाव्या आठवड्यानंतर काहींचा रक्तदाब वाढतो. १४० आणि ९० हे आकडे लक्षात ठेवायचे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वर गेला, तर ते अंगावर काढायचं नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. वारेकडं जाणारं रक्त कमी पडतं आणि बाळाचं पोषण अडतं. पाय सुजणं पुष्कळींना होतं, पण चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं काजवे येणं, छातीखाली पोटात दुखणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायचा. पुढच्या खेपेला सुरुवातीपासून लक्ष ठेवू, एक छोटी गोळीही वेळेत सुरू करू, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “मग मी वेळेवर आले असते तर?”

त्या थोडं थांबून म्हणाल्या, “कदाचित वाचलं असतं, कदाचित नसतं. नक्की मलाही सांगता येणार नाही. पण तुम्ही जाणूनबुजून काही केलं नाहीत.”

“पण माझ्याच वाट्याला का?”

“त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

त्या दिवशी घरी येताना, का कोण जाणे, पण मला थोडं हलकं वाटलं. दुःख तेवढंच होतं, पण एका ‘का’ला उत्तर मिळालं होतं, आणि दुसऱ्या ‘का’ला उत्तर नाही हे एका जाणत्या बाईनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तोवर हे दोन्ही ‘का’ माझ्या डोक्यात एकमेकांत गुंतून बसले होते.

ग्रहणातली भाजी

मार्गशीर्षातली रात्र होती. ‘हे’ बाहेरगावी गेले होते. सासूबाई आणि मी शेगडीपाशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग खाली मान घालूनच म्हणाल्या, “माझंही पहिलं असंच गेलं.”

लग्नाला सात वर्षं झाली होती, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘ह्यां’नाही माहीत नव्हतं. ‘हे’ १९८२ सालचे. त्याआधी सासूबाईंना दिवस राहिले होते. १६ फेब्रुवारी १९८० ला मोठं सूर्यग्रहण होतं. कर्नाटकात कारवार-हुबळीकडून खग्रास दिसलं होतं आणि आपल्याकडे खंडग्रास. रस्ते ओस पडले होते, माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसली होती. सासूबाईंना पाचवा महिना होता. मामंजींचे वडील आजारी होते, त्यांना वेळेवर जेवण लागे. म्हणून ग्रहण सुटायच्या आत यांनी शेवग्याच्या शेंगा चिरायला घेतल्या. पुढं बाळ मेलेलंच जन्माला आलं. त्यांच्या आजेसासूबाई म्हणाल्या, “ग्रहणात विळी धरलीस, दुसरं काय होणार?” आणि विषय संपला.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? माझंच चुकलं होतं. नशीब म्हणून गप्प राहिले.”

मैत्रिणींनो, माझ्या सासूबाई म्हणजे समाधानाची मूर्ती. ‘देव ठेवील तसं राहावं’ हे त्या नुसतं म्हणत नाहीत, तशा जगतात, असंच आम्ही सगळे समजत होतो. त्या रात्री मला कळलं, की पस्तीस वर्षं त्यांनी जे स्वीकारलं होतं ती देवाची इच्छा नव्हतीच. एका घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईनं दिलेलं चुकीचं उत्तर त्यांनी स्वीकारलं होतं. आपल्या हातानं आपलं मूल गेलं, हे ओझं उरावर घेऊन ही बाई रोज हरिपाठ म्हणत होती.

दोन वर्षांनी, २०१७ साली, मला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला प्रत्येक तपासणीला सासूबाई माझ्याबरोबर येत. एके दिवशी डॉक्टरबाईंचं सगळं बघून झालं, आम्ही उठलो, आणि दारापाशी जाऊन सासूबाई परत वळल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, एक विचारू का? ग्रहणात भाजी चिरली तर पोटातलं मूल दगावतं का हो?”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सासूबाईंना परत खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, “नाही हो आजी. त्याचा काडीचाही संबंध नाही.”

परत येताना सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. कृष्णेच्या घाटापाशी आल्यावर म्हणाल्या, “जरा बसू या.” पायरीवर बसून त्या मनसोक्त रडल्या. सदतीस वर्षांनी! मग नदीत हात-पाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाल्या, “चल, दिवेलागण होईल.” संध्याकाळी नेहमीप्रमाणं हरिपाठ म्हटला. त्यांची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही. उलट मला वाटतं, त्या दिवसापासून देव आणि त्या यांच्यामधलं काहीतरी दूर झालं. आता त्या म्हणतात, “का गेलं ते त्यालाच ठाऊक. पण मी नव्हतं घालवलं.” हा स्वीकार मला पटतो. यात हार मानणं नाही.

संतांनी काय केलं?

आपण संतांचा आधार घेऊन एकमेकींना गप्प करतो. म्हणून मी मुद्दाम थोडं वाचायला घेतलं. आणि काय सांगू, आपले संत म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांची रांगच आहे.

देव ठेवील तसं समाधानात राहावं, हे आपण तुकोबांच्या नावावर सांगतो. त्यांचा त्या अर्थाचा अभंग आहेच. पण तो अभंग कोणाचा, हे विसरतो. १६३० च्या भयंकर दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नान्न करत गेली, मुलगा गेला. त्यानंतर ते भंडाऱ्या डोंगरावर जाऊन बसले. त्यांची गाथा उघडून बघा. विठ्ठलाशी इतकी भांडणं, इतके रुसवे, इतके टोचून विचारलेले सवाल दुसरीकडे क्वचितच सापडतील. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा ‘देवाची मर्जी’ म्हणून ते घरी जाऊन निजले नाहीत. परंपरा सांगते, की तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून नदीकाठी देवापुढं धरणं धरून बसले. ज्यानं एवढं भांडून घेतलं, त्याच्या तोंडी समाधानाची भाषा शोभते. तीच आपण दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरली, तर तो तुकोबांवर अन्याय आहे.

त्यांची शिष्या संत बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावचं तिचं माहेर. लहानपणीच तिच्याहून पुष्कळ मोठ्या बिजवराशी तिचं लग्न झालं. कोल्हापुरात असताना तिला कीर्तनाची आणि तुकोबांच्या अभंगांची गोडी लागली. ब्राह्मणाच्या बायकोनं तुकोबांना गुरू मानावं हे नवऱ्याला सोसेना. त्यानं तिला मारझोड केली. हे सगळं तिनं स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगितलं आहे. बाईच्या जन्माला वेदाचा अधिकार नाही, मग तिनं परमार्थ साधायचा कसा, असा तिचा प्रश्न होता. तिनं संसार सोडला नाही, पण प्रश्नही सोडला नाही. पुढं नवऱ्याचंही मन पालटलं आणि ती दोघं देहूला गेली. संसार तिनं स्वीकारला. मात्र परमार्थाचं दार आपल्यासाठी बंद आहे, हे तिनं शेवटपर्यंत स्वीकारलं नाही. (मार खाऊन गप्प राहणं हा भक्तीचा भाग नव्हे, हे मात्र इथंच सांगते. तिच्या काळी तिला दाद मागायला जागा नव्हती. आपल्याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा मदतीचा फोन आहे.)

चौदाव्या शतकातली सोयराबाई, संत चोखामेळ्याची बायको. ज्या समाजात त्यांच्या सावलीचा विटाळ मानत, त्या समाजाला तिनं विटाळाबद्दलच सवाल केला. विटाळ जर देहाचाच म्हणता, तर त्यातून न जन्मलेला देह दाखवा, अशा आशयाचं तिचं बोलणं आहे. आपण अजून महिन्याच्या चार दिवसांत देवघराचा उंबरा ओलांडावा की नाही याची कुजबुज करतो. सोयराबाईनं हा विषय सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी देवापुढंच मांडला होता.

आणि गीतेचं काय? अर्जुनानं ‘युद्ध आलं आहे, प्राक्तन म्हणून लढू या’ असं म्हटलं असतं, तर गीता सांगायची वेळच आली नसती, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशाला जी ज्ञानेश्वरी सांगितली तीही आपल्याला मिळाली नसती. चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण ज्ञान मिळवण्याचे मार्ग सांगतात. त्यांत नम्रता आहे, सेवा आहे आणि त्या दोन्हींच्या जोडीला प्रश्न विचारणंही आहे. शेवटच्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर ते अर्जुनाला म्हणतात, की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. अर्जुन स्वीकारतो, पण अठराव्या अध्यायात. पहिल्याच अध्यायात त्यानं स्वीकारावं, असा आग्रह भगवंतांनीही धरला नाही. आपण मात्र मूल गेलेल्या आईकडून बाराव्या दिवशीच समाधानाची अपेक्षा करतो!

प्रश्न किती विचारावा?

याचा अर्थ दिवसरात्र ‘का, का’ करत बसावं असा नाही. तेही मी करून बघितलं आहे. पहिले चार महिने मी झोपले नाही, स्वयंपाकात लक्ष नव्हतं, शाळेत मुलांवर उगीच ओरडत होते. कुणी पत्रिका बघायला सांगितलं, कुणी नारायण नागबळी सुचवला, कुणी म्हणालं घराचं तोंडच चुकीच्या दिशेला आहे. दोन ठिकाणी आम्ही पैसेही भरले. मी समजत होते, की मी प्रश्न विचारते आहे. खरं तर मी उत्तरं विकत घेत फिरत होते. दुःखी माणसाला उत्तर विकणारे पुष्कळ भेटतात, आणि ‘मला ठाऊक नाही’ म्हणणारी डॉक्टरबाई एखादीच.

आपण गहू पाखडतो ना, तसं हे आहे. कोंडा उडून जाईपर्यंत पाखडायचं. पण कोंडा गेल्यावरही जी सूप हलवतच राहील, तिचे गहूच सांडायचे. कुठं थांबावं हे कसं कळावं? मला आपलं असं वाटतं, की ‘का?’ मनात आला की तो नेमका कोणता आहे ते आधी निवडून घ्यावं.

पहिला प्रश्न, ‘हे कशामुळं झालं?’ याला बहुतेक वेळा उत्तर असतं. ते त्या विषयातल्या जाणत्या माणसाला विचारावं. आजाराचं डॉक्टरांना, पैशाचं बँकेत, मुलाच्या अभ्यासाचं त्याच्या बाईंना. शेजारणीला नव्हे, आणि पाट मांडून बसलेल्या बुवाला तर नव्हेच. ज्याला उत्तर आहे असा प्रश्न देवाच्या मर्जीवर ढकलणं याला मी श्रद्धा म्हणणार नाही. तो आळस आहे, आणि कधी कधी तो जिवावर बेततो.

दुसरा, ‘हे असंच असायला हवं का?’ पुष्कळ गोष्टी माणसांनी ठरवलेल्या असतात आणि देवाच्या नावावर खपतात. माझं मूल गेल्यावर नात्यातल्या एका डोहाळजेवणाला मला बोलावणं आलं, पण ओटी भरायला पुढं होऊ दिलं नाही. हा नियम देवानं केला? ‘नशिबाचे भोग’ म्हणून आपण ज्याच्या त्याच्या ओट्यात जे टाकतो, त्यातलं अर्धं माणसांनीच केलेलं असतं आणि माणसांनाच ते बदलता येतं. इथं प्रश्न विचारावा, शांतपणे विचारावा, आणि जमेल तिथं आपल्या घरापुरतं उत्तरही बदलावं. सासूबाईंनी माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणात पहिली ओटी मला भरायला लावली. कुणी काही बोललं नाही.

तिसरा, ‘माझ्याच वाट्याला का?’ याला उत्तर देणारं कुणी नाही. म्हणून तो दाबून मात्र टाकू नये. तो सरळ देवालाच विचारावा. रागावून विचारावा, रडून विचारावा. ज्याच्यावर रागावता येत नाही त्याच्यावर प्रेम तरी कसं करता येईल? आपल्या आईशी आपण भांडतोच ना! विचारत राहिलं की हळूहळू त्या प्रश्नाची धार कमी होते. एके दिवशी आपल्याच लक्षात येतं, की आपण आता ‘का’ विचारत नाही, ‘आता मी काय करू?’ असं विचारतो आहोत. मला हा बदल व्हायला वर्ष लागलं. कुणाला कमी लागेल, कुणाला जास्त. पण मधला रस्ता चुकवून तिथं जाता येत नाही, एवढं खरं.

२०१८ च्या जानेवारीत मला मुलगी झाली. आता ती शाळेत जाते. तिच्या येण्यानं पहिल्या बाळाचा प्रश्न सुटला असं कुणी समजू नये. एकाच्या जागी दुसरं येत नसतं. गौरी बसल्या की अजून मला ते आठवतं. पण आता मी गौरीच्या मुखवट्याकडे डोळे भिडवून बघू शकते.

पुढचा गुरुवार

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. चहा करता करता म्हटलं, “काल तू विचारलंस ते बरोबर विचारलंस.” ती रडू लागली. मग मुख्य गोष्ट बाहेर आली. घरातलं कुणीतरी तिला म्हणालं होतं, की दळणाचा डबा उचललास म्हणून गेलं. म्हणजे ‘देवाच्या मनात असं का यावं’ या प्रश्नाखाली तिचा खरा प्रश्न लपलेला होता, ‘मी केलं का हे?’

मी तिला म्हटलं, “डॉक्टरांना विचार. डब्याचंच नाव घेऊन विचार.” ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं, की पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्या गर्भातल्या गुणसूत्रांतच दोष असतो. घरकामाचा, जिन्याचा, रोजच्या उचलठेवीचा त्यात हात नसतो. पुष्कळींच्या बाबतीत असं होतं आणि पुढं त्यांना निरोगी मुलं होतात.

पुढच्या गुरुवारी ती आली. फार बोलली नाही, पण टाळ हातात घेतले. चहाच्या वेळी तिनं डॉक्टरांचं बोलणं शेजारी बसलेल्या दोघी-तिघींना सांगितलं. मागच्या खेपेला “असं विचारू नये” म्हणून सगळ्यांत आधी ज्या बोलल्या होत्या, त्या काकू पलीकडे प्रसादाच्या वाट्या गोळा करत होत्या. वाट्या तशाच ठेवून त्या आमच्याजवळ आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, “तुझ्या त्या डॉक्टरीणबाई कधी भेटतात गं? माझंही एक विचारायचं राहिलंय.”